मिनेसोटातला पहिला हिवाळा: कॅम्पसवरची तयारी ऑक्टोबरातच का आणि कशी करायची

पुणे-मुंबई, नागपूर-नाशिकहून मिनिआपोलिसला एमएस किंवा पीएचडीसाठी येणाऱ्या मुलामुलींची हिवाळ्याची तयारी बहुतेक वेळा जॅकेटपाशी सुरू होते आणि जॅकेटपाशीच संपते. जॅकेट लागतंच, त्यात वाद नाही. पण युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटाचा कॅम्पस पिढ्यान्पिढ्या याच थंडीत चालत आलेला आहे. भुयारी वाटा, वाफेवर तापणाऱ्या इमारती, फुकट बस, मोबाइलवर येणाऱ्या सूचना ही सगळी सोय इथे आधीपासून आहे आणि ती तुम्ही भरलेल्या फीमधून चालते. ती कुठे आहे आणि कशी वापरायची हे ज्याला माहीत असतं, त्याचा जानेवारी सुखात जातो. ज्याला माहीत नसतं, तो महागडं जॅकेट घालूनही नदीवरच्या पुलावर कुडकुडत उभा राहतो.

ऑगस्टमध्ये विमानातून उतरता तेव्हा इथे चक्क उकाडा असतो, त्यामुळे हा विषय कुणाच्या डोक्यात येत नाही. सप्टेंबर अभ्यासात जातो. म्हणून माझा आग्रह ऑक्टोबरचा. बर्फ कधीकधी त्याच महिन्यात हजेरी लावतो. १९९१ साली ३१ ऑक्टोबरला सुरू झालेल्या हिमवादळात मिनिआपोलिस-सेंट पॉल भागात २८.४ इंच, म्हणजे सव्वादोन फुटांहून जास्त बर्फ पडला होता.

आधी आकडे वाचायला शिका

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की आपल्याकडे पेपरात फोटो येतो. मिनिआपोलिसमध्ये जानेवारीत रात्रीचं सरासरी किमान तापमान उणे १३ सेल्सियसच्या आसपास असतं. वर्षभरात सरासरी १३० सेंटीमीटर बर्फ पडतो. आणि हे सगळे आकडे इथे फॅरनहाइटमध्ये बोलले जातात. तीन खुणा पाठ करा: ३२ फॅरनहाइट म्हणजे शून्य सेल्सियस, शून्य फॅरनहाइट म्हणजे उणे १८ सेल्सियस, आणि उणे ४० ला दोन्ही मोजपट्ट्या एकच होतात. बाकीचं अंदाजाने जमतं.

पण नुसतं तापमान बघून घराबाहेर पडू नका. बघायचा असतो तो विंड चिल, म्हणजे वाऱ्यासकट अंगाला जाणवणारी थंडी. तापमान शून्य फॅरनहाइट असेल आणि ताशी १५ मैलांचा वारा असेल, तर विंड चिल उणे १९ फॅरनहाइट (उणे २८ सेल्सियस) होतो. एवढ्या थंडीत उघडी त्वचा अर्ध्या तासात गोठू शकते. विंड चिल आणखी खाली गेला की ही वेळ दहा मिनिटांवर आणि त्याहूनही कमी येते. बससाठी थांबण्याची वेळ आणि त्वचा गोठण्याची वेळ एकसारखी व्हायला लागली, की त्या दिवसाचा रस्ता बदलायचा.

अमेरिकेच्या हवामान खात्याच्या इशाऱ्यांची नावं २०२४ च्या ऑक्टोबरात बदलली. जुने सीनिअर अजून ‘विंड चिल वॉर्निंग’ म्हणतात, आता ती ‘एक्स्ट्रीम कोल्ड वॉर्निंग’ झाली आहे. त्याच्या खालची पायरी ‘कोल्ड वेदर ॲडव्हायजरी’. बर्फाच्या बाबतीत ‘विंटर स्टॉर्म वॉच’ दिसला तर वादळाची शक्यता आहे, किराणा आणून ठेवा. ‘वॉर्निंग’ दिसली तर वादळ येऊन ठेपलं आहे, आता बाहेरची कामं काढू नका.

विद्यापीठाच्या सूचना: कुठून येतात, काय सांगतात

आपत्कालीन सूचनांसाठी विद्यापीठाची ‘सेफ-यू’ ही व्यवस्था आहे. मेसेज मोबाइलवर येतो, पण तुमचा अमेरिकेतला नंबर विद्यापीठाच्या नोंदीत असेल तरच. बरीच मुलं प्रवेश घेताना भारतातला नंबर देतात, इथे आल्यावर नवं सिम घेतात आणि नोंद तशीच राहते. आजच पोर्टल उघडून नंबर तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

सूचना आली की तिच्यात नेमकं काय बंद आहे ते नीट वाचा. ‘वर्ग रद्द’ याचा अर्थ ‘कॅम्पस बंद’ असा होत नाही. वर्ग रद्द झाले तरी वसतिगृहं, काही भोजनगृहं, दवाखाना, पोलीस आणि संशोधनाची अत्यावश्यक कामं चालू राहतात. ३० जानेवारी २०१९ ला मिनिआपोलिसचं तापमान उणे २८ फॅरनहाइट, म्हणजे उणे ३३ सेल्सियसपर्यंत उतरलं. त्या दिवशी विद्यापीठाने वर्ग रद्द केले होते आणि मिनेसोटात टपालसुद्धा वाटलं गेलं नाही. पण प्रयोगशाळेतले प्राणी, पेशींची कल्चर्स आणि उणे ८० चे फ्रीझर टपालासारखे थांबत नाहीत. तुमचं काम अशा प्रयोगशाळेत असेल तर वादळाच्या दिवशी कोण येणार, कोण फोनवर असणार, हे प्राध्यापकांशी नोव्हेंबरातच बोलून ठेवा. ‘मला यायलाच हवं का?’ हा प्रश्न विचारण्यात काही कमीपणा नाही. तो वेळेवर विचारलेला सगळ्यांनाच बरा.

कॅम्पसवर तासांच्या हिशोबाने नोकरी करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बंदमुळे बुडालेली पाळी पुढच्या आठवड्यात भरून काढताना एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरची आठवड्याला २० तासांची मर्यादा ओलांडली जाते का, ते मोजा. सत्र चालू असताना ही मर्यादा बर्फाचं कारण ऐकत नाही. सुपरवायझरच्या ते ध्यानात नसेल, तर ध्यानात आणून देणं तुमच्याच हिताचं आहे.

दुसऱ्या प्रकारच्या सूचना इमारतींच्या असतात: अमुक लिफ्ट बंद, तमुक भुयारी वाटेत बांधकाम, या दिवशी या इमारतीची वाफ किंवा पाणी काही तास बंद. या ईमेल न वाचता पुढे सरकवायची सवय सगळ्यांनाच असते. निदान तीन इमारतींच्या तरी वाचत चला: तुमच्या विभागाची, तुमच्या प्रयोगशाळेची आणि तुम्ही राहता ती. रोजची भुयारी वाट दुरुस्तीसाठी बंद आहे हे बाहेर उणे २० असताना दारावरच्या कागदावरून कळलं, तर फार उशीर झालेला असतो.

रस्ता आखा: गोफर वे, पूल आणि बस

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. ऑक्टोबरातल्या एखाद्या मोकळ्या शनिवारी दोन तास काढा आणि रोजचा रस्ता जमेल तितका इमारतींच्या आतून चालून बघा. शनिवारी काही दारं बंद मिळतील, ती टिपून ठेवा आणि वर्गाच्या दिवशी पुन्हा बघा.

‘गोफर वे’ म्हणजे कॅम्पसच्या इमारती जोडणाऱ्या भुयारी वाटांचं आणि झाकलेल्या पुलांचं जाळं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्याचा नकाशा आहे आणि इमारतींमध्ये पाट्याही लावलेल्या आहेत. तरी पहिल्यांदा जाणारा चुकतोच, कारण एका इमारतीचं तळघर दुसऱ्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर निघतं आणि मधेच दोन जिने चढावे लागतात. जाताना टिपून ठेवायच्या गोष्टी अशा: कुठलं दार किती वाजता बंद होतं, कुठे यू-कार्ड (विद्यापीठाचं ओळखपत्र) दाखवावं लागतं, आणि कुठल्या दोन टप्प्यांमध्ये बाहेर पडावंच लागतं. हा बाहेरचा तुकडा किती मिनिटांचा आहे, त्यावर तुमचे कपडे ठरतील. आणि एक ताकीद: वाफेचे पाइप जातात ती भुयारं वेगळी. मिसिसिपीच्या काठावर जुन्या इमारतीत उभं राहिलेलं मुख्य ऊर्जा केंद्र २०१७ पासून वीज आणि वाफ दोन्ही तयार करतं आणि ती वाफ जमिनीखालून इमारतींमध्ये जाते. त्या भुयारांत विद्यार्थ्यांनी जायचं नसतं. तिथे उष्णता आणि दाब दोन्ही जिवावर बेतू शकतात.

मिनिआपोलिसचा कॅम्पस नदीमुळे ईस्ट बँक आणि वेस्ट बँक असा दुभंगलेला आहे. दोन्ही काठ जोडणारा वॉशिंग्टन ॲव्हेन्यू पूल दुमजली आहे. खालून गाड्या आणि मेट्रोची ग्रीन लाइन, वरून चालणारे आणि सायकलवाले. वरच्या मजल्यावर मधोमध बंदिस्त मार्गिका आहे. तिच्या आतल्या भिंती विद्यार्थी संघटना दर शरद ऋतूत नव्याने रंगवतात. उघड्या भागातून चालत गेलात तर नदीवरून येणारा वारा थेट कानशिलावर आदळतो, डोळ्यांतून पाणी येतं आणि पापण्यांवर ते पाणी गोठायला लागतं. दहा पावलं बाजूला सरकून मार्गिकेत शिरलात की थंडी तीच राहते, पण वारा थांबतो. उणे २० ला एवढा फरक पुरेसा असतो. इतकी साधी गोष्ट, पण नवी मुलं पहिला आठवडा बाहेरूनच चालताना दिसतात.

वेस्ट बँकवर विल्सन ग्रंथालय आणि आसपासच्या इमारती भुयारी वाटेने जोडलेल्या आहेत. सेंट पॉल कॅम्पसला जाणाऱ्यांसाठी ‘कॅम्पस कनेक्टर’ बस फुकट आहे. बस नेमकी कुठे आहे ते मोबाइलवर बघून मगच इमारतीबाहेर पडा, थांब्यावर जाऊन वाट बघू नका. मेट्रोच्या फलाटांवर डोक्यावर हीटर असतात, पण ते आपोआप चालू होत नाहीत. खांबावरचं बटण दाबावं लागतं.

कपडे: भारतातूनच सगळं घेऊन येऊ नका

तिबेटी स्वेटरवाल्यांकडचा उबदार स्वेटर जरूर आणा, आईने विणलेला असेल तर तोही आणा. आतून घालायला त्याच्यासारखं काही नाही. पण बाहेरचा जाड कोट आणि बूट इथेच घ्या. भारतात मिळणारी जॅकेटं बहुतेक वेळा मनालीच्या सहलीच्या हिशोबाची असतात. मिनेसोटात कपड्यांवर आणि पादत्राणांवर विक्रीकर नाही, आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांत चांगल्या कंपनीचे कोट अगदी कमी किमतीत मिळतात, कारण पदवी घेऊन टेक्सास-कॅलिफोर्नियाला जाणारी मुलं ते मागे सोडूनच जातात. नोव्हेंबर उजाडायच्या आत घ्या, नंतर मापाचं मिळत नाही.

थरांचा नियम असा. अंगाला चिकटून सुती बनियन नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि ओलं झालं की अंगातली ऊब ओढून घेतं. त्याऐवजी थर्मल, सिंथेटिक किंवा लोकरीचं. त्यावर स्वेटर किंवा फ्लीस. सगळ्यात वर वारा अडवणारा, कमरेखाली येणारा, टोपी असलेला कोट. इमारतींच्या आत २०-२२ सेल्सियस असतं, त्यामुळे वर्गात पोहोचल्यावर पटकन उतरवता येईल असंच घाला. एकच जाडजूड स्वेटर घालून आलेला मुलगा लेक्चरभर घामाघूम बसतो आणि तोच घाम घेऊन परत थंडीत जातो. आजारपण इथून सुरू होतं.

बोटं वेगवेगळी असलेल्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र राहणारे मिटन जास्त ऊब देतात. आत पातळ मोजा घातला तर मोबाइलही वापरता येतो. कानटोपी, मफलर आणि लोकरी मोजे हे खर्च टाळायचे नाहीत. बूट अर्ध्या मापाने मोठे घ्या, जाड मोजा घालून पाय आत आवळला गेला तर रक्त फिरत नाही आणि पाय आणखी गार पडतो. मोबाइल कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. थंडीत बॅटरी बघता बघता उतरते आणि नेमकी बस शोधायच्या वेळी फोन बंद पडतो.

घसरण्याविषयी थोडं. सगळ्यात घातक बर्फ पांढरा नसतो. डांबरावर तो पारदर्शक थर होऊन बसतो, रस्ता नुसता ओला वाटतो. दिवसा वितळलेलं पाणी संध्याकाळी पुन्हा गोठतं, म्हणून शेवटचं लेक्चर संपवून निघताना जास्त सांभाळा. मीठ टाकलेलं दिसलं तरी विसंबू नका. साधं मीठ उणे ९ सेल्सियसच्या खाली फारसं काम करत नाही. पावलं लहान टाका, पाय सपाट ठेवा, हात खिशातून बाहेर काढा. बुटांवर चढवायच्या रबरी पट्ट्या मिळतात, त्यांना खालून धातूचे दाते किंवा स्प्रिंग असतात. त्या बॅगेत ठेवा आणि इमारतीत शिरताना काढा, गुळगुळीत फरशीवर त्याच पाडतात.

राहती खोली: वसतिगृह आणि भाड्याचं घर

वसतिगृहात असाल तर रेडिएटरसमोर पलंग, बॅगा, कपड्यांचा ढीग नको. खोली फार गरम होते म्हणून खिडकी उघडी ठेवून झोपायची सवय अनेकांना लागते. रेडिएटर खिडकीखालीच असतो, बाहेरची हवा थेट त्याच्या पाइपवर येते, पाणी गोठतं, पाइप फुटतो आणि खालच्या मजल्यावरच्या खोल्यांसकट सगळं भिजतं. गरम होत असेल तर इमारतीच्या देखभाल विभागाला कळवा. स्वतःचा इलेक्ट्रिक हीटर आणू नका, वसतिगृहात त्याला परवानगी नसते.

डिंकीटाउन, कोमो या भागांत जुनी लाकडी घरं भाड्याने घेऊन चार-पाच जण राहतात. त्यांच्यासाठी हा भाग जरा सविस्तर.

मिनेसोटात १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल या काळात घरात निदान ६८ फॅरनहाइट, म्हणजे २० सेल्सियस ऊब पुरवणं ही घरमालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. तुमच्या भाडेकरारात थर्मोस्टॅट तुमच्या ताब्यात असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून करार नीट वाचा. ऊब मिळत नसेल तर दहा डॉलरचं थर्मामीटर आणा, वेळ दिसेल असे फोटो काढा, घरमालकाला लेखी कळवा. फोनवर बोललात तरी नंतर एक ईमेल टाकाच. दाद मिळाली नाही तर शहराच्या ३११ क्रमांकावर तक्रार करता येते. आपली मुलं इथे फार सोसतात. ‘परक्या देशात कशाला वाद’ म्हणून स्वेटरवर स्वेटर घालून महिना काढतात. हा वाद नाही, हक्क आहे. तो मागितल्याने व्हिसाला काही होत नाही.

गॅस किंवा विजेचं बिल थकलं असेल तर त्याच काळात ‘कोल्ड वेदर रूल’ हा मिनेसोटाचा नियम घराची ऊब तोडण्यापासून संरक्षण देतो, पण ते आपोआप मिळत नाही. कंपनीला फोन करून हप्ते ठरवावे लागतात आणि ते पाळावे लागतात.

कडाक्याची थंडी येणार असेल त्या रात्री बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा आणि नळाची बारीक धार चालू ठेवा. वाहतं पाणी सहजासहजी गोठत नाही. मुख्य पाण्याचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांनी बघून ठेवा, पाइप फुटल्यावर शोधायला वेळ नसतो. पाइप गोठलाच तर पेटत्या ज्योतीने शेकू नका, हेअर ड्रायर पुरतो. खिडक्यांच्या फटींवर लावायची पारदर्शक फिल्म हार्डवेअरच्या दुकानात मिळते, एका दुपारी सगळं घर होतं.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक झोपायच्या खोलीपासून दहा फुटांच्या आत असला पाहिजे, असा मिनेसोटाचा कायदा आहे. बटण दाबून तपासा. या वायूला वास नसतो. मोठा बर्फ पडल्यावर भिंतीतून बाहेर आलेल्या फर्नेसच्या (घर तापवणाऱ्या भट्टीच्या) आणि कपड्यांच्या ड्रायरच्या नळ्यांची तोंडं फावड्याने मोकळी करा. घर गरम करायला गॅसची शेगडी किंवा ओव्हन कधीही पेटता ठेवू नका.

भाडेकरूचा विमा घ्या. पाइप फुटून भिंत खराब झाली तर ती घरमालकाच्या विम्यात बसते, तुमचा भिजलेला लॅपटॉप त्यात बसत नाही.

गाडी असेल तर

मिनिआपोलिस शहर ‘स्नो इमर्जन्सी’ जाहीर करतं तेव्हा पार्किंगचे तीन दिवसांचे नियम लागू होतात. पहिल्या दिवशी रात्री ९ ते सकाळी ८: ठरवून दिलेल्या स्नो इमर्जन्सी रस्त्यांवर दोन्ही बाजूंना गाडी नको. दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ते रात्री ८: बाकीच्या रस्त्यांवर सम क्रमांकाच्या घरांच्या बाजूला नको, पार्कवेवर (बागांच्या कडेच्या रस्त्यांवर) कुठेच नको. तिसऱ्या दिवशी त्याच वेळात विषम क्रमांकांच्या बाजूला नको. चुकलात तर दंड होतो, गाडी उचलून नेतात आणि सोडवायचा खर्च वेगळा. शहराच्या सूचना मोबाइलवर चालू करून ठेवा. सेंट पॉलचे नियम वेगळे आहेत, तिथे मित्राकडे राहायला जाणार असाल तर तिकडचे बघा.

टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. डिकीत फावडं, ब्लँकेट, टॉर्च आणि जंपर केबल ठेवा. बर्फात अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका. इंजिन चालू करण्याआधी मात्र धुराड्याचं तोंड बर्फातून मोकळं करा.

शरीर काय सांगतंय ते ऐका

नाक, कान, गाल, हातापायाची बोटं आधी गारठतात. दुखणं थांबून भाग बधिर झाला, पांढुरका किंवा राखाडी दिसू लागला, तर तो गोठायला लागला आहे. सावळ्या कातडीवर रंगातला बदल चटकन दिसत नाही, म्हणून बधिरपणावर आणि कातडी मेणासारखी कडक लागते का यावर लक्ष ठेवा. चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. आत या आणि ३७ ते ३९ सेल्सियसच्या कोमट पाण्यात तो भाग बुडवा. हीटरवर किंवा गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका, बधिर कातडीला भाजल्याचं कळत नाही. आणि लगेच दवाखाना गाठा. कॅम्पसवर ‘बॉयन्टन हेल्थ’ आहे.

कुणी जोरात कुडकुडत होता आणि अचानक कुडकुडायचा थांबला, बोलणं अडखळायला लागलं, झोप आल्यासारखं वाटायला लागलं, तर तो बरा झालेला नाही. शरीराचं तापमान ३५ सेल्सियसच्या खाली गेलं आहे. ९११ ला फोन करा. शनिवारी रात्री पार्टीहून कुणालाही एकट्याला चालत पाठवू नका. दारूने ऊब आल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात शरीर उष्णता आणखी वेगाने गमावतं. सोबतीला कॅम्पस सुरक्षा विभागाची माणसं मोफत येतात, तो नंबर फोनमध्ये असू द्या.

थंडीइतकाच अंधाराचा त्रास होतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि दिवस पावणेनऊ तासांचा उरतो. तीनचं लेक्चर संपवून बाहेर आलात की अंधार पडायला लागलेला. झोप वाढते, अभ्यासात मन लागत नाही, घरची आठवण असह्य होते, आणि मुलं याला स्वतःचा आळस समजतात. दुपारच्या उजेडात वीस मिनिटं बाहेर चाला, कितीही थंड असलं तरी. सकाळी १०,००० लक्सचा दिवा समोर ठेवून २०-३० मिनिटं बसण्याचा अनेकांना उपयोग होतो. डोळ्यांचा आजार किंवा मानसोपचाराची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उठत नसेल तर समुपदेशकाची वेळ घ्या. संक्रांत नेमकी वर्षातल्या सगळ्यात थंड दिवसांत येते. त्या दिवशी चार जणांना खोलीवर बोलवा, आणि जो रूममेट आठवडाभर बाहेर पडलेला नाही, त्याला आधी बोलवा.

डिसेंबरात घरी जाताना

सुट्टीत भारतात जाणार असाल तर थर्मोस्टॅट बंद करू नका, ५५ फॅरनहाइटच्या (१३ सेल्सियस) खाली आणू नका. खिडक्या नुसत्या लोटू नका, कडी लावा. मागे राहणाऱ्या मित्राकडे किल्ली द्या आणि घरमालकाची हरकत नसेल तर कडाक्याच्या दिवसांत एक फेरी मारायला सांगा. वसतिगृहात असाल तर सुट्टीत तुमची इमारत उघडी राहते का, ते नोव्हेंबरातच विचारा.

परतीच्या प्रवासात मुंबईच्या विमानतळावर ३० सेल्सियसमध्ये जाड कोट हातात धरणं नकोसं होतं, म्हणून बरेच जण तो चेक-इन बॅगेत टाकतात. मग शिकागोला विमान चुकतं, बॅग मागे राहते, आणि मिनिआपोलिसला उतरल्यावर अंगात फक्त शर्ट असतो. विमानतळावरून ब्लू लाइन मिळते, पण कॅम्पससाठी डाउनटाउनमध्ये उतरून ग्रीन लाइन धरावी लागते आणि तो फलाट उघड्यावर आहे. कोट, कानटोपी आणि मिटन केबिन बॅगेत ठेवा, आणि ग्रीन लाइनची गाडी किती मिनिटांत येणार ते ब्लू लाइनमधून उतरायच्या आधी बघा.